बारीक बियांची पेरणी: आधी चाळणी, मग चिमूट

प्रश्न: गच्चीवर पिटुनिया, चिनी गुलाब, तुळस आणि थोडा राजगिरा-माठ लावते. बी इतकं बारीक असतं की चिमटीतून एका जागीच ढीग पडतो. मग एकतर नुसती दाटी होते, नाहीतर काहीच उगवत नाही. ऑनलाइन मिळणारे डायलचे सीडर घ्यावेत का? वाळूत मिसळून पेरा म्हणतात, तर वाळू किती घ्यायची? आणि बेगोनिया घरी बियांपासून होतो का?

उत्तर:

सीडरचं आधी सांगून टाकतो, तो विषय छोटा आहे. डायलचा सीडर म्हणजे प्लॅस्टिकची चपटी डबी, वर फिरणारी चकती आणि चकतीला वेगवेगळ्या मापांची भोकं. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांना तो बरा चालतो. पिटुनियाला मात्र त्यातलं सगळ्यात लहान भोकही मोठंच पडतं. शिवाय दमट हवेत बी प्लॅस्टिकला चिकटून बसतं, आपण वैतागून डबी ठोकतो आणि अडकलेलं सगळं एकदम सांडतं. दट्ट्याचा, सिरिंजसारखा दिसणारा सीडर मिळतो, त्याचीही तीच गत. मोठ्या रोपवाटिकांत हवा खेचून बी उचलणारी यंत्रं असतात, पण तिथेही पिटुनिया-बेगोनियाचं बी उघडं वापरत नाहीत. त्यावर मातीचा लेप देऊन गोळ्या केलेल्या असतात, म्हणून ते यंत्राला सापडतं. हौस म्हणून सीडर घ्यायचा तर घ्या. माझं विचाराल तर तेच पैसे एका बारीक चाळणीवर आणि चांगला तुषार सोडणाऱ्या फवाऱ्याच्या बाटलीवर आधी खर्च करा. बारीक बी वाया जातं ते बहुतेक वेळा हातातून पडताना नव्हे; पडल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत जातं.

आधी ‘बारीक’ म्हणजे किती बारीक ते ठरवू, कारण तुम्ही एका दमात सांगितलेल्या बियांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका ग्रॅमात टोमॅटोचं बी साधारण ३०० भरतं. गाजराचं ८०० च्या आसपास. राजगिऱ्याचं हजार ते दीड हजार. पिटुनिया आणि चिनी गुलाब जवळजवळ १०,०००. बेगोनिया ७०,००० च्या घरात. म्हणजे राजगिरा बारीक असला तरी त्याला वाफ्यात हातानं ओळीत पेरता येतं. पिटुनियाला ट्रेच हवा. बेगोनियाला झाकणाचा डबा हवा, आणि वाऱ्याची झुळूक आली तरी काम थांबवायची तयारी हवी. एकाची युक्ती दुसऱ्याला तशीच्या तशी लावली की फसगत होते.

आता ‘उगवतच नाही’ या तक्रारीकडे. त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बी खोल जाणं. आपण बोटानं रेघ ओढतो, त्यात बी टाकतो, वरून माती सारतो. वाल-भोपळ्याला ही सवय चालते. मोठ्या बीजात शिदोरी भरपूर असते, ते दोन-तीन सेंटिमीटर मातीतून अंकुर वर ढकलतं. पिटुनियाच्या बीजात ती शिदोरी नसल्यात जमा. दोन-तीन मिलिमीटर खाली गेलं तरी अंकुर वर पोचण्याआधी संपतो. म्हणून जुना ठोकताळा असा आहे की बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी. पिटुनियाला हा हिशेब लावला तर उत्तर ‘जवळजवळ काहीच नाही’ असं येतं.

दुसरं कारण उजेड. बऱ्याच बारीक बियांना उगवण्यासाठी उजेडाचा इशारा लागतो. बियात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, त्याला तांबडा प्रकाश लागला की उगवणीची कळ दाबली जाते आणि त्यापलीकडचा गर्द तांबडा प्रकाश लागला की ती परत उलटी फिरते. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शेती संशोधन केंद्रात हे लेट्यूसच्या ‘ग्रँड रॅपिड्स’ या वाणावर दाखवलं गेलं, १९५२ साली. बियांना एकाआड एक दोन्ही प्रकाश देत गेले, आणि शेवटचा प्रकाश कुठला यावरच बी उगवणार की नाही हे ठरत होतं. बियाच्या बाजूनं पाहिलं तर यात शहाणपण आहे. झाडांच्या दाट पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा भाग कमी आणि गर्द तांबडा जास्त असतो, म्हणजे डोक्यावर आधीच कुणीतरी पसरलेलं आहे. आणि अंधार म्हणजे आपण खोल गाडले गेलो आहोत. शिदोरी कमी असलेल्या बियानं अशा वेळी थांबून राहणंच बरं. पिटुनिया, बेगोनिया, अँटिरायनम, लेट्यूस, सेलरी ही मंडळी यात येतात. चिनी गुलाबही वरच पेरावा. तुळशीवर नावापुरता थर. राजगिरा आणि माठ यांना मात्र पातळ पांघरूण चांगलं. उलट फ्लॉक्स, पॅन्सी, कॅलेंडुला यांना अंधार मानवतो, ती नीट झाकावीत. पण ती काही फार बारीक नव्हेत, त्यांचा प्रश्न इथे नाही.

बी वरच राहणार म्हटल्यावर सगळी मदार वरच्या अर्ध्या सेंटिमीटर थरावर येते. तो थर खडबडीत असेल तर बी फटीत घरंगळतं आणि आपण न गाडताही गाडलं जातं. तो सुकला तर फुगलेलं बी एका दुपारीत मरतं. पाणी साचलं तर बुरशी. म्हणून मी चाळणी आधी म्हणतो.

मिश्रण साधं ठेवा. धुतलेलं कोकोपीट तीन भाग, गांडूळखत एक भाग. कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात, त्यामुळे ती भिजवून फुलवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलेलं असलं तरी एकदा धुवाच. ट्रेच्या तळाशी हे मिश्रण गव्हाच्या चाळणीतून काढलेलं चालेल. वरचा एक सेंटिमीटर मात्र पिठाच्या किंवा रव्याच्या चाळणीतून. ओलं कोकोपीट चाळणीतून उतरत नाही, तेव्हा वरच्या थराचं मिश्रण सावलीत अर्धवट सुकवून मग चाळा. ट्रे भरल्यावर लाकडी पट्टी किंवा एखादी सपाट फळी ठेवून हलकेच दाबा, म्हणजे पृष्ठभाग एकसारखा होतो. घट्ट ठेचायचं नाही. गच्चीवरची नुसती लाल माती किंवा काळी माती या कामाला घेऊ नका. काळी सुकताना भेगाळते, लाल वरून पाणी बसलं की पापुद्रा धरते.

गांडूळखतात किंवा बागेतल्या मातीत तणाचं बी येतं, आणि बारीक पेरणीत ही मोठी डोकेदुखी ठरते. चिनी गुलाब आणि भाजीची घोळ एकाच वंशातली, पोर्टुलाका. पहिल्या पानांवर दोन्हींत फरक करणं कठीण. राजगिरा आणि रानमाठ यांचंही तसंच. कोकणात आणि मावळात भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यामागे हेही एक कारण आहे: पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळलं की वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. गच्चीवर राब भाजता येणार नाही. त्याऐवजी एप्रिल-मेमध्ये मिश्रण ओलं करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ पसरायचं, तोंड बांधायचं आणि चार-सहा आठवडे कडक उन्हात ठेवायचं. पिशवी काळी नको, पारदर्शकच. ऊन आत शिरून आतला ओलावा तापायला हवा. इतका वेळ नसेल तर ट्रेला लागेल तेवढ्याच मिश्रणावर उकळतं पाणी ओता आणि पूर्ण निवू द्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आळा घालणारी उपयोगी बुरशी) मिसळायची असेल तर ती या सगळ्यानंतर, नाहीतर तीही मरेल.

मग ट्रे पाण्याला लावा. पहिलं पाणी पेरणीनंतर नाही, आधी द्यायचं. घरातली मोठी परात घ्या, त्यात दोन बोटं पाणी, आणि तळाला भोकं असलेला ट्रे त्यात ठेवा. पाणी खालून वर चढतं. पृष्ठभागाचा रंग सगळीकडे गडद झाला की ट्रे उचलून तिरपा धरून निथळू द्या. एवढं झाल्यावरच बियाचं पाकीट उघडा.

आता मिसळण्याचं प्रमाण. वाळू ‘बियाच्या इतक्या पट’ असं सांगणारे बरेच असतात, पण तो हिशेब उलट्या बाजूनं करावा लागतो. आधी जागा मोजा. ३० गुणिले ३० सेंटिमीटरचा ट्रे, त्यात पुढे उचलून लावायची पिटुनियाची रोपं हवीत, तर दीडशे-दोनशे बिया पुष्कळ झाल्या. दोनशे बिया म्हणजे ग्रॅमचा पन्नासावा भाग. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला हे मोजता येत नाही. तेव्हा मोजू नका, वाटा. चकचकीत कागदावर बी ओतून त्याची बारीक पट्टी करा, पट्टी मधोमध निम्मी करा, एक निम्मं परत पाकिटात टाका. उरलेल्याचं पुन्हा निम्मं. एक ग्रॅमपासून सुरुवात केली तर सहा वेळा निम्मं केल्यावर दीडशेच्या आसपास बिया उरतात. घरगुती पाकिटात मुळातच कमी बी असतं, तिथे दोन-तीनदा निम्मं करून भागतं. या दीडशे-दोनशे बियांना दोन छोटे चमचे कोरडी वाळू पुरते. तेवढी वाळू त्या ट्रेवर पसरली तर जेमतेम धुळीइतका थर होतो, म्हणजे बी झाकलंही जात नाही. जागा दुप्पट असेल तर दोन्ही दुप्पट. राजगिरा-माठाच्या वाफ्याला एक चमचा बी आणि दहा-बारा चमचे वाळू असं घेतलं तरी चालतं, तिथे चुकीला जागा असते.

वाळू कुठली, याला मी जास्त महत्त्व देतो. वाळूचा कण आणि बी यांचा आकार जुळायला हवा. जाड वाळूत बारीक बी मिसळलं आणि डबी हलवली की बारीक ते खाली बसतं. मिठाच्या डबीतून किंवा पावडरच्या रिकाम्या डब्यातून पेरायची युक्ती बरेच जण सांगतात. ती या एका कारणानं अर्ध्या वेळी दगा देते. डबी हलवत गेलो की सुरुवातीला एक पडतं आणि शेवटी दुसरंच. म्हणून वाळू चहाच्या गाळणीतून चाळून खाली पडलेलीच घ्या. हाताशी समुद्राची वाळू असेल तर ती नको, तिच्यात मीठ असतं. बांधकामावरची वाळू असेल तर धुवून, वाळवून. पीठ, रवा, साखर असलं काहीही बियात मिसळू नका. मुंग्या येतात आणि बुरशी धरते.

मी स्वतः वाळूपेक्षा पांढरी रांगोळी वापरतो, शिरगोळ्याची, बिनरंगाची. ती बारीक आणि एकसारखी असते आणि काळपट कोकोपीटवर पांढरी दिसते. कुठे पडलं, कुठे राहिलं, हे डोळ्यांना कळतं; दाटी अर्धी तिथेच टळते. ती चुनखडीच्या जातीची, पण एवढ्याशा चिमटीनं मिश्रणाचं काही बिघडत नाही. आणि ज्यांच्या हाताला रांगोळीची सवय आहे त्यांना पेरणी वेगळी शिकवावीच लागत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून पूड सुटते, हात पुढे सरकत राहतो, चिमूट कधी पूर्ण उघडत नाही. ढीग पडतो तो चिमूट उघडल्यामुळे. हात एका जागी थांबवून बोटं चोळायची नाहीत. आधी हात हलवायला लागा, मग बोटं. मिश्रणाचे दोन भाग करा. एक ट्रेच्या लांबीत पेरा, दुसरा रुंदीत. पहिल्या फेरीत जिथे हात जड पडला असेल तिथे दुसऱ्या फेरीत हलका ठेवता येतो.

शेतातही हेच चालत आलं आहे. पाभरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, पेरताना तीळ, बाजरी यांसारखं बारीक बी चाड्यातून (बी सोडायच्या वाटीतून) भसकन सांडू नये म्हणून त्यात माती, राख किंवा चाळलेलं शेणखत मिसळतात. आणि चाड्यावर मूठ धरण्याचं काम ज्याच्या-त्याच्या हाती देत नाहीत. मुठीतून बी किती सुटतं यावर अख्ख्या वर्षाचं रान अवलंबून असतं.

ज्यांना चिमूट जमतच नाही त्यांच्यासाठी लग्नपत्रिका. जाड, गुळगुळीत कागदाची पत्रिका मध्ये दुमडून पन्हळ करा, घडीत बी किंवा बी-रांगोळीचं मिश्रण ठेवा, पत्रिका किंचित तिरपी धरून पेन्सिलनं वरून टकटक करा. प्रत्येक टिचकीला थोडंसं घरंगळतं. उठावाची, मखमली पत्रिका नको, बी तिच्यात अडकतं. लेप दिलेल्या गोळ्या असतील तर याहून सोपं: अगरबत्तीच्या काडीचं टोक किंवा टूथपिक ओलं करायचं, एक गोळी उचलायची, मिश्रणाला टेकवायची. संकरित पिटुनियाच्या महाग पाकिटाला हीच पद्धत, एका कप्प्यात एक. टोक दर वेळी पुसा, नाहीतर लेप विरघळून काडीलाच गोळी बसते. गोळ्यांचं एक पथ्य आहे. त्यांचा लेप पहिल्याच पाण्यात पूर्ण विरघळायला हवा. अर्धवट भिजून परत सुकला तर तो टणक होतो आणि आतलं बी कोंडलं जातं.

पेरून झाल्यावर बी आणि मिश्रण यांचा स्पर्श नीट व्हायला हवा. कोरड्या फळीनं किंवा स्टीलच्या सपाट वाटीच्या बुडानं हलका दाब द्या. ओली वाटी वापरलीत तर बी वाटीबरोबर वर येईल.

पाणी पुढेही खालूनच. झारी कितीही बारीक तोटीची असली तरी पहिले दोन आठवडे ट्रेजवळ आणू नका. थेंब पडला की बी उडून कडेला जमतं. मग कडेला दाटी आणि मध्ये टक्कल. तुमच्या दाटीचं हेही कारण असू शकेल. वरून ओलावा द्यायचाच झाला तर फवाऱ्याची बाटली ट्रेकडे रोखू नका, ट्रेच्या वर हवेत धरून तुषार खाली पडू द्या. झाकण म्हणून केक-मिठाईचे पारदर्शक डबे उत्तम. तळाला तापवलेल्या सळईनं भोकं पाडली की ट्रे आणि झाकण दोन्ही तयार. हा डबा थेट उन्हात ठेवला तर तासाभरात आतलं बी शिजेल. पूर्वेची खिडकी किंवा गच्चीवरची उजळ सावली हवी. झाकणाला आतून पाणी जमलं की दिवसातून एकदा उघडून पुसायचं. पहिले हिरवे ठिपके दिसायला लागले की झाकण कलतं करा, दोन-तीन दिवसांत पूर्ण काढा. इथे बरेच जण कनवाळूपणा करतात, झाकण राहू देतात, आणि रोपं कोलमडतात: खोड जमिनीलगत पाण्यासारखं होतं, बारीक पडतं, रोप आडवं होतं. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींचं हे काम. एकदा लागण झाली की तो कोपरा मातीसकट उचलून टाकण्याखेरीज फारसं हाती राहत नाही. दाटी कमी, हवा खेळती, पाणी खालून आणि वरचा थर अधूनमधून जरासा कोरडा, इतकं सांभाळलं तर वेळ येत नाही. रोपं दिसायला लागल्यावर त्यांच्या बुडाशी कोरड्या वाळूचा अगदी पातळ थर दिला तरी फरक पडतो.

मुंग्यांचं कुणी फारसं सांगत नाही. गच्चीवर पेरलेला राजगिरा ‘उगवला नाही’ असं जेव्हा ऐकतो तेव्हा माझा पहिला संशय त्यांच्यावर असतो. एका रात्रीत वाफा साफ करतात. ट्रे विटेवर, वीट परातीत, परातीत पाणी, जसं दुधाचं पातेलं ठेवतो. वाफ्यात हे शक्य नाही, तिथे पेरून लगेच ओलं गोणपाट अंथरा. त्यानं चिमण्याही थांबतात. तिसऱ्या दिवसापासून रोज कोपरा उचलून बघायचं. राजगिरा तीन-पाच दिवसांत वर येतो आणि गोणपाट एक दिवस जास्त राहिलं तर अंकुर त्याच्या धाग्यांत गुंततात. गोणपाट संध्याकाळी काढा, दुपारी नाही.

गाजर तुम्ही विचारलं नाहीत, पण राजगिरा-माठाच्या शेजारी कधीतरी लावालच, म्हणून दोन गोष्टी. त्याला उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढ्यात वाफ्याची साय घट्ट होते. गाजराच्या बियात चार-सहा मुळ्याच्या बिया मिसळून ओळ पेरा. मुळा तीन-चार दिवसांत उगवतो, वरचा थर फोडतो आणि ओळ कुठे आहे हे दाखवतो. गाजराला त्याची अडचण व्हायच्या आत तो उपटून खाता येतो. दुसरी युक्ती मेंदीच्या कोनाची. एक कप पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर शिजवून पातळ खळ करायची, पूर्ण गार झाल्यावर त्यात बी ढवळायचं आणि कोनात भरून ओळीत रेघ सोडायची. बी खळीत तरंगत राहतं, म्हणून अंतर सारखं पडतं. ही खळ त्याच दिवशी वापरून संपवा आणि ओळ लगेच मातीनं झाका, मुंग्यांचं वर सांगितलंच आहे. सब्जाला खळीचीही गरज नाही. भिजला की तो स्वतःच बुळबुळीत आवरण धरतो, तसाच कोनात भरता येतो. पण कोरडं पेरायचं असेल तर सब्जा आणि तुळस दोन्हींचं बी ओल्या हातानं धरू नका.

हंगामाचं गणित जमलं नाही तर वरचं सगळं करूनही बी रुसून बसतं. पिटुनियाला २१ ते २४ अंश मानवतात, अँटिरायनमला त्याहून थोडं कमी. म्हणून पुण्या-नाशकाकडे पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ट्रे लावायचे. मुंबईला जरा उशिरा. चिनी गुलाबाला ऊब हवी, त्याची पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. लेट्यूसची गंमत अशी की ऑक्टोबरच्या उकाड्यात, तीस अंशांच्या आसपास, चांगलं बीही झोपून राहतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालून एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग संध्याकाळी पेरा. उगवायला पिटुनिया-चिनी गुलाबाला आठ-दहा दिवस, तुळशीला कधी दोन आठवडे, सेलरीला तीनही लागतात. आठव्या दिवशी ट्रे उकरून बघू नका.

बेगोनिया घरी होतो. मात्र तो धीराचा मामला. झाकणाच्या डब्यात, मिश्रणावर नुसता शिंपडलेला, वर काहीही नाही. दोन-तीन आठवड्यांनी शेवाळ धरल्यासारखी हिरवी छटा दिसते. तीच रोपं. पुढचा महिना ती जवळजवळ वाढतच नाहीत असं वाटतं, आणि त्याच काळात खरंच शेवाळ धरायची भीती असते. कुंडीभर फुलं हवी असतील तर उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून रोपं आणा किंवा ओळखीच्यांकडून फांदी मागा. छाटाला पाण्यातही मुळं फुटतात. बियांपासून करायचा तो करून बघण्याच्या हौसेनं.

रोपं उचलून लावताना, म्हणजे खरी पानं दोन-चार झाली की, आदल्या रात्री ट्रे परातीत ठेवून भिजवा. रिकाम्या रिफिलनं किंवा टूथपिकनं मुळाखालून उचला आणि धरा ते पानाला. पान फाटलं तर दुसरं येईल, खोड चेपलं तर रोप गेलं. पिटुनियाची रोपं एकेक सुटतात. चिनी गुलाबाची दोन-तीन एकत्र लावली तरी चालतं. राजगिरा-माठाची विरळणी करताना उपटू नका, कात्रीनं कापा, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही आणि कापलेलं भाजीत जातं.

घरचं बी धरायचं असेल तर राजगिरा आणि चिनी गुलाब दोघांची फळं सारखीच खोडकर. पिकली की वरची टोपी उडते आणि बी सांडून जातं. टोप्या पिवळसर पडल्या की जुन्या मलमलीचा तुकडा सैल बांधून ठेवा. तुळशीच्या मंजिऱ्या वाळल्यावर तळहातावर चोळून, चहाच्या गाळणीतून गाळून, ताटलीत हलकी फुंकर मारून कोंडा उडवा. सुपात पाखडू नका, बी कोंड्याबरोबरच जातं. उरलेलं बी कागदी पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत, सोबत सिलिका जेलची पुडी, वर नाव आणि साल, आणि बाटली फ्रिजमध्ये. अशानं पिटुनिया दोन-तीन वर्षं चालतो, टोमॅटो चार. कांद्याचं बी पुढच्या वर्षावर ठेवू नका. जुन्या पाकिटाची शंका असेल तर वीस बिया ओल्या टिश्यूवर डबीत ठेवून बघा. निम्म्या उगवल्या तर ट्रेमध्ये दुप्पट बी टाका, पाच-सातच उगवल्या तर पाकीट टाकून द्या.